बाळाला अंगावर किती दिवस पाजावे? सहा महिने फक्त दूध, दोन वर्षे दुधासोबत जेवण

बोईसर : बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की घरात बोलणं सुरू होतं. ‘दूध पुरत नाही वाटतं, वरचं सुरू कर.’ ‘उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाज.’ ‘कामावर जायचंय ना, बाटलीची सवय लाव.’ बोलणारे प्रेमाने बोलतात, पण बाळाचं नुकसान बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं.

नेमके किती दिवस?

जागतिक आरोग्य संघटना आणि सरकारी आरोग्य विभागाचा सल्ला एकच आहे.

- जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे.
- पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, गुळाचे पाणी, घुटी काहीही नको. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र चालते.
- सहा महिने पूर्ण झाले की वरचे जेवण सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून जास्त चालू ठेवावे.

का महत्त्वाचे?

पहिले पिवळसर घट्ट दूध म्हणजे चीक. काही घरांत तो ‘खराब’ म्हणून पिळून टाकतात. खरे तर आजारांशी लढण्याची ताकद बाळाला त्यातूनच मिळते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे कडक उन्हातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही. उलट विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यातून जुलाब होतात, वजन घटते आणि कुपोषण सुरू होते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेले बालमृत्यू जिल्हा अजून विसरलेला नाही.

दूध पुरतंय हे कसं ओळखायचं?

बाळ रडलं म्हणजे भुकेलंच असं नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. वरचे दूध दिले की बाळ अंगावर कमी ओढते आणि आईचे दूध आणखी कमी होते. जेवढे पाजाल तेवढे दूध येते. रात्रीही पाजावे.

कामावर जाणाऱ्या आईने काय करावे?

तारापूर एमआयडीसीत अनेक महिला कामाला आहेत. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. म्हणजे जवळपास सहा महिनेच. पण यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर नंतर १८ आठवडेच उरतात आणि बाळ चार महिन्यांचे असतानाच कामावर जावे लागते. तब्येत बरी असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जास्तीत जास्त रजा बाळंतपणानंतरसाठी राखावी.

कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या महिलाही या हक्कातून वगळलेल्या नाहीत. हजेरीचा आणि पगाराचा पुरावा जपून ठेवावा.

शिफ्टला जाताना हात धुऊन, उकळलेल्या स्वच्छ भांड्यात दूध काढून ठेवता येते. खोलीत ते चार तासांपर्यंत टिकते. उकाड्यात त्याआधीच द्यावे. वाटी-चमच्याने पाजावे, बाटली नको.

वीटभट्टीवर जाताना

दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधील कुटुंबे भिवंडी-वसईकडे कामाला निघतात. निघण्याआधी आशाताई आणि अंगणवाडीताईंना सांगावे. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, म्हणजे तिथेही वजन आणि लसीकरण चुकत नाही. बाळाला आजीकडे ठेवून गेले की दूध तुटते. दूध पिणारे बाळ आईसोबतच असावे.

सहा महिन्यांनंतर

नागलीची खीर, मऊ भात-वरण, शेवग्याची पाने घातलेली डाळ, अंडे, काटे नीट काढलेला मासा घरातच मिळतो. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे. पातळ पेजेने पोट भरते, ताकद येत नाही. घास घट्टसर असावा.

आईनेही पोटभर जेवावे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण मिळते.

दवाखाना कधी गाठावा?

बाळ अंगावर ओढत नसेल, सुस्त पडले असेल, लघवी कमी झाली असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर वाट पाहू नये. जुलाबातही अंगावर पाजणे थांबवू नये. आईला साधा ताप-सर्दी असली तरी पाजता येते. मोठा आजार किंवा कायमचे औषध असेल तर डॉक्टरांना विचारावे. स्तनात गाठ, लाली, दुखणे असल्यास लगेच दाखवावे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. पाजताना येणारी अडचण तेव्हाच, न लाजता सांगावी. तातडीच्या वेळी १०८ वर फोन करावा.