स्मारक, पण घाम गाळायचं

आपल्याकडे स्मारक म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? चौथरा, पुतळा किंवा स्तंभ, भोवती साखळी, आणि वर्षातून दोनदा हार. तालुक्याच्या गावी असलेली हुतात्मा स्मारकं आठवून बघा. त्यातली किती रोज उघडी असतात? बहुतेकांना कुलूपच. त्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेजांत 'मेमोरियल जिम्नॅशियम' अशी पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला जरा गंमतच वाटली. युद्धात मेलेल्यांच्या नावाने बास्केटबॉल?

पण त्यामागे एक विचार होता. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे वाद झाला, की दगडी खांब उभारायचे की लोकांच्या रोजच्या उपयोगाचं काही बांधायचं? या दुसऱ्या प्रकाराला ते 'जिवंत स्मारक' म्हणत. व्हर्जिनिया विद्यापीठाचं मेमोरियल जिम १९२४ चं, आयडाहोचं १९२८ चं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लाटच आली. कॅनडात व्हँकूव्हरला १९५१ मध्ये वॉर मेमोरियल जिम उघडलं, आणि १९५२ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं. आज लिहायचंय ते या शेवटच्याबद्दल.

आधी इमारतीविषयी, कारण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. रिक्वायरमेंट दोन होत्या आणि त्या एकमेकींशी भांडत होत्या. एकाला बास्केटबॉलसाठी मोठं सभागृह हवं, दुसऱ्याला भाषणं-मैफिलींसाठी रंगमंच. आर्किटेक्ट एडविन कीबल यांनी तोडगा काढला तो असा: खेळाची फरशीच रंगमंचासारखी उंच उचलली आणि प्रेक्षक खाली, समोर आणि बाजूंना बसवले. फरशी उंच म्हणजे पळता पळता खेळाडू खाली पडणार. म्हणून रेषेबाहेर भरपूर मोकळी जागा ठेवली. तेवढी जागा आहेच म्हटल्यावर संघांचे बाक नेहमीसारखे लांबीच्या बाजूला न ठेवता दोन टोकांना, बास्केटच्या मागे गेले. म्हणजे समोरच्या टोकाला खेळ चालू असताना प्रशिक्षकाने कितीही बोंबललं तरी पोरांना ऐकू जाणं मुश्कील! पाहुण्या संघांनी या बाकांच्या नावाने बोटं मोडली आणि यजमान जिंकत राहिले. लोक याला 'मेमोरियल मॅजिक' म्हणू लागले. बगचं फीचर कसं होतं याचं इतकं छान उदाहरण आमच्या धंद्यातही कमीच सापडेल.

साठच्या दशकात क्लाइड ली नावाच्या खेळाडूमुळे गर्दी इतकी वाढली की सज्जे वाढवावे लागले. पुढे तिथे चौदा हजारांच्या आसपास लोक बसू लागले. असो.

खरी गोष्ट यापुढे आहे. हे स्मारक दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या व्हँडरबिल्टच्या विद्यार्थ्यांचं आणि माजी विद्यार्थ्यांचं. म्हणजे गोऱ्यांचंच, कारण त्या युद्धापर्यंत विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. युद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक होते, तेही वेगळ्या तुकड्यांत, कारण सैन्यातला भेद मोडायचा आदेश निघाला तो १९४८ साली. युरोपात हुकूमशाहीशी लढून आलेल्या त्या सैनिकाच्या मुलाला आपल्याच गावातल्या स्मारकात विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवायची सोय १९५२ मध्ये नव्हती. पदवीच्या वर्गांचं दार उघडलं थेट १९६४ मध्ये.

इथे कथेत चक्क आपलं नागपूर येतं! जेम्स लॉसन नावाचा तरुण कोरियन युद्धासाठी सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगात गेला होता. सुटल्यावर १९५३ मध्ये तो मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तिथे तो शिकवायचा आणि खेळांचा प्रशिक्षकही होता. तीन वर्षं राहिला, गांधीजींच्या अहिंसेचा अभ्यास केला. अलाबामातल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्याने वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात. परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी गळ घातली की दक्षिणेत या, थांबू नका. लॉसन १९५८ मध्ये व्हँडरबिल्टच्या धर्मशास्त्र विभागात दाखल झाला. (हा विभाग मात्र आधीच उघडलेला होता.) नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना त्याने सत्याग्रहाचं रीतसर प्रशिक्षण दिलं. शिव्या खायच्या, थुंकलं तरी हात उचलायचा नाही, याची चक्क तालीम! फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं फक्त गोऱ्यांना खायला देणाऱ्या काउंटरवर जाऊन बसली. मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसनलाच काढून टाकलं. निषेध म्हणून प्राध्यापकांनी राजीनामे दिले. मे महिन्यात मात्र शहरातले काउंटर खुले व्हायला लागले.

आता सहा वर्षं पुढे जाऊ. मार्च १९६६, याच मेमोरियल जिममध्ये टेनेसीची शालेय राज्य स्पर्धा, काळ्या-गोऱ्या शाळांची एकत्र अशी पहिलीच. जिंकली नॅशव्हिलची कृष्णवर्णीय मुलांची पर्ल हायस्कूल. त्या संघात होता पेरी वॉलेस. व्हँडरबिल्टने त्याला घेतलं आणि तो साउथईस्टर्न कॉन्फरन्समधला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू झाला. शिकत होता इंजिनिअरिंग. मिसिसिपीत खेळायला गेला की प्रेक्षकांतून काय काय ऐकावं लागायचं ते इथे लिहवत नाही. घरच्या कॅम्पसवरही एकटेपणा होताच, फक्त तो शिवी न देणारा.

एप्रिल १९६७ मध्ये त्या उंच फरशीचा दुसरा उपयोग झाला. विद्यार्थ्यांच्या परिसंवादात एका पाठोपाठ एक बोलले किंग, स्टोकली कारमायकल, कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग आणि वंशभेदाचे जुने पाठीराखे सिनेटर स्ट्रॉम थर्मंडसुद्धा. कारमायकलना बोलावू नका म्हणून प्रचंड दबाव होता. चॅन्सलर अलेक्झांडर हर्ड बधले नाहीत. गोऱ्या शहिदांच्या स्मारकात किंग बोलतायत! आर्किटेक्टने फरशीचाच रंगमंच केला तेव्हा हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

१९७० मध्ये वॉलेसने शेवटचा सामना याच जिममध्ये खेळला: २९ गुण, २७ रिबाउंड. मग वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि चार वर्षं काय सोसलं ते सरळ सांगून टाकलं. अनेकांना ते झोंबलं. तो शहर सोडून गेला, वकील झाला, पुढे कायद्याचा प्राध्यापक. विद्यापीठाला त्याची २५ नंबरची जर्सी सन्मानाने निवृत्त करायला २००४ उजाडलं. लॉसनला २००६ मध्ये प्राध्यापक म्हणून परत बोलावलं. वॉलेस २०१७ मध्ये गेला, लॉसन २०२४ मध्ये.

मला यात 'शेवट गोड' वाटत नाही. चौतीस वर्षं म्हणजे माणसाची उमेद संपते. पण एक गोष्ट पटते. दगडी स्तंभावर एकदा नावं कोरली की यादी बंद होते. जिम मात्र चालू राहतं. दर वर्षी नवी पोरं येतात, आणि कधी ना कधी असा कुणीतरी येतो, ज्याचा विचार बांधणाऱ्यांनी केलेलाच नसतो. त्याला आत घ्यायचं की नाही, हे मग तिथल्या जिवंत माणसांना ठरवावं लागतं. स्मारकाचा एवढा उपयोग पुरे आहे. आपल्या त्या कुलूपबंद स्मारकांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, माहितीय का कुणाला?