सोंगाड्या, सोलापूर आणि लक्ष्या

‘एक होता विदूषक’ आवडणाऱ्या माणसांची एक छोटीशी जमात आहे आणि ही माणसं एकमेकांना पटकन ओळखतात. कुठेतरी लक्ष्मीकांत बेर्डेचा विषय निघतो, ‘बनवाबनवी’तले संवाद म्हणून होतात (ते सगळ्यांनाच पाठ असतात, त्यात विशेष काही नाही), आणि मग कोणीतरी जरा आवाज खाली आणून विचारतं, “पण तू ‘विदूषक’ पाहिलायस का?” समोरचा हो म्हणाला की पुढचा तास गेलाच म्हणून समजा.

सिनेमा १९९२ चा. दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोर, संगीत आनंद मोडक, निर्मिती एनएफडीसीची. पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे, मधू कांबीकर, निळू फुले, वर्षा उसगावकर, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे. नुसती नावं वाचली तरी वाटतं, हा सिनेमा धो धो चालला असणार. तसं झालं नाही. लक्ष्याला बघायला आलेल्या लोकांना पोट धरून हसायचं होतं, आणि इथे तर लोकांना हसवणाऱ्या माणसाचं काय होतं ते दाखवलं होतं. पैसे एका गोष्टीचे दिले आणि पुड्यात निघालं भलतंच, असं काहीसं.

मला आज सिनेमाचं परीक्षण लिहायचं नाही. मला बोलायचंय ते सोलापूरबद्दल. चादर, शेंगाचटणी आणि ऊन यापलीकडे आमच्या गावाचं काही सांगायची वेळ आली की लोक गप्प होतात. पण फडावरच्या माणसांवर मराठीत जे सिनेमे झाले, त्यातल्या तीन महत्त्वाच्या सिनेमांचा धागा सोलापूरला येऊन मिळतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ‘विदूषक’ हा त्यातला मधला.

पहिला धागा खूप जुना आहे. राम जोशी सोलापूरचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. घर ब्राह्मणाचं, विद्वानांचं. थोरला भाऊ मुद्गल पुराण-कीर्तन करणारा. रामाचा जीव मात्र धोंडी शाहिराच्या तमाशात. भावाने त्याला घराबाहेर काढलं असं सांगतात. पुढे हा मनुष्य संस्कृत शिकला आणि तरीही लावणी सोडली नाही. फडावर नाव काढलं. नंतर मोरोपंतांशी गाठ पडली आणि उत्तरायुष्यात तो कीर्तनकार झाला. मोरोपंतांच्या आर्या घरोघरी पोचल्या त्यात राम जोश्याच्या कीर्तनांचा वाटा मोठा मानतात. म्हणजे बघा, ज्या कारणासाठी भावाने घराबाहेर काढलं, ती फडावर तापलेली जीभच शेवटी पंतकवींच्या कामी आली. (सोलापुरातल्या शाळेत आम्हाला मोरोपंत होते, राम जोशी नव्हता. असो.)

या राम जोश्यावर राजकमलने १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं, लेखन आणि गीतं गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झाले होते संगीत रंगभूमीवरचे जयराम शिलेदार, आणि बरोबर हंसा वाडकर. हा सिनेमा प्रचंड चालला आणि मराठीत तमाशापटांची रांगच लागली. ती पुढे दोन-अडीच दशकं हलली नाही. पाटील, इनामदार, नाचणारी, शाहीर, सवाल-जवाब. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

पण या सगळ्या सिनेमांत एका माणसावर अन्याय झाला, तो म्हणजे सोंगाड्या.

अमेरिकेतल्या भाचरांसाठी थोडं सांगते. ढोलकीफडाच्या तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग अशी साधारण चाल असते. गण झाला की गवळणीत कृष्णाचा पेंद्या आणि ती मावशी येतात, आणि तिथून सोंगाड्याचं राज्य सुरू होतं. वगात राजा असतो, प्रधान असतो. सोंगाड्या बहुतेक वेळा शिपाई, हवालदार, नोकर असला काहीतरी खालचा माणूस. पण त्या खालच्या माणसाला राजाला वाटेल ते बोलायची मुभा असते. त्याचं बोलणं लिहिलेलं नसतं. ज्या गावात फड लागलाय त्या गावचा सरपंच, त्या वर्षीचा दुष्काळ, पुढच्या रांगेत बसलेला सावकार, सगळं तो त्या रात्रीच्या वगात आणतो. राजाच्या आडून सावकाराला हाणतो. सावकारही हसतो, कारण न हसला तर गाव त्याला हसणार. ही मुभा कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. समोरची माणसं हसत होती तोवर ती होती.

आणि सिनेमात? सिनेमात सोंगाड्या हा शाहिराचा मित्र. दोन विनोद करायचे, नायिकेचं पत्र पोचवायचं आणि तिसऱ्या रिळानंतर गायब व्हायचं.

दादा कोंडक्यांनी १९७१ साली ‘सोंगाड्या’ आणला तेव्हा पहिल्यांदा हे पात्र नावासकट पुढे आलं. वसंत सबनीसांचंच लेखन, ज्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादांना रंगभूमीवर उभं केलं होतं. भोळा नाम्या, त्याला तमाशाचा नाद, आणि त्याला घराबाहेर काढणारी रत्नमालाबाईंची आये. (राम जोश्याला भावाने काढलं, नाम्याला आयेने. तमाशाकडे जाणारा रस्ता मराठीत नेहमी घराच्या उंबऱ्यावरूनच सुरू होतो.) सिनेमा धमाल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नाम्या सोंगाड्या म्हणून काय सोसतो, या प्रश्नाशी त्या सिनेमाला कर्तव्य नव्हतं. असायलाच हवं होतं असंही नाही.

तो प्रश्न विचारायला वीस वर्षं गेली, आणि विचारणारा मनुष्य पुन्हा आमच्या गावात वाढलेला निघाला. जब्बार पटेल सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी. शाळेच्या वयात ते प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी राहत. पुजारीसर म्हणजे सोलापूरच्या सांस्कृतिक आयुष्याचं एक ठाणंच होतं. मोठमोठे गवई, लेखक गावात आले की पाय त्या घराला लागायचे, त्यात पु. ल. सुद्धा. नाटकाचं वेड तिथेच लागलेलं. पुढे पुण्याला बी. जे. मेडिकल, मग दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना, आणि त्या दवाखान्याच्या जोडीने १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’, मग ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’. यातलं एकेक नाव एकेका लेखाचं आहे, म्हणून पुढे जाते.

इथे एक मधला दुवा लोक विसरतात. १९७८ साली थिएटर अकादमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. मूळ ब्रेख्तचं, मराठी रूप पुलंचं आणि दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. म्हणजे ‘विदूषक’च्या चौदा वर्षं आधी हे दोघे तमाशा या शब्दाशी एकत्र झटलेले होते. पुलंचं नातं तर त्याहून जुनं. त्यांचं ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य सेवादलाच्या कलापथकाने गाजवलं, आणि त्यातूनच निळू फुले नावाचा नट लोकांच्या नजरेत भरला. तेच निळूभाऊ ‘विदूषक’मध्ये जुन्या पिढीचा कलावंत म्हणून लक्ष्यासमोर उभे राहतात. मला तो भाग पाहताना दर वेळी वाटतं की इथे दोन पात्रं कमी बोलतायत आणि चाळीस वर्षांचं लोकनाट्य जास्त बोलतंय.

पुलंनी सिनेमासाठी लिहिणं कधीच सोडलं होतं. ‘गुळाचा गणपती’ १९५३ चा, त्यानंतर थेट हा. इतक्या वर्षांनी त्यांना परत का यावंसं वाटलं असेल? याचं उत्तर मी माझ्यापुरतं काढलंय, पटलं तर घ्या. १९७७ च्या निवडणुकीत पुलं आणीबाणीच्या विरोधात सभांमधून बोलले. तोवर ते महाराष्ट्राचे लाडके विनोदकार होते. अचानक त्यांच्या हशाला मतांची किंमत आली. हसणारी गर्दी किती ताकदवान असते आणि ती ताकद कोणाकोणाला हवी असते, हे त्यांनी व्यासपीठावर उभं राहून पाहिलेलं होतं. लोकांना हसवणाऱ्याने राजकारण्याच्या शेजारी बसावं का, हा ‘विदूषक’मधला प्रश्न त्यांना पुस्तकातून शोधावा लागला नसणार.

गोष्ट थोडक्यात अशी. आबुराव हा तमाशातल्या नाचणारीचा मुलगा. फडावर वाढतो, सोंगाड्या होतो, लोकांना हसवता हसवता सिनेमात जातो, मोठा नट होतो आणि मग पुढारी त्याला आपल्या सभेला उभा करतात. प्रत्येक पायरीवर टाळ्या वाढतात आणि प्रत्येक पायरीवर बोलायची मुभा कमी होते. फडावर तो राजाची टोपी उडवू शकत होता. सिनेमात त्याला लिहून दिलेलं बोलावं लागतं. सभेत तर राजाच त्याला घेऊन आलेला असतो, मग टोपी उडवणार कोणाची? आणि या सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाची स्वतःची लहान मुलगी हसत नाही.

हे काम लक्ष्याने केलं. तो काही पोस्टरवरून उचललेला नट नव्हता. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत त्याने नाटक जवळून पाहिलं होतं, ‘टूरटूर’ने त्याला नाव दिलं, ‘शांतेचं कार्टं’ने नाट्यगृहं भरली. मग ‘धूम धडाका’ आला आणि वर्षाला किती सिनेमे करावेत याचा हिशेब राहिला नाही. त्या धबडग्यात १९९२ साली, लोकप्रियतेच्या ऐन माध्यान्ही, त्याने स्वतःचीच गोष्ट वाटावी असं काम घेतलं. पुढे प्रेक्षक त्याला परत जुन्या लक्ष्याकडे घेऊन गेले. तोही गेला, दुसरा रस्ता होता कुठे?

मी ‘विदूषक’ पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला, घरातल्या दहा-बारा माणसांबरोबर. अर्ध्यावर बहुतेक जण उठले. माझी मावशी बसून राहिली. ती तशी सिनेमाची फार वेडी नाही. शेवट झाल्यावर पदर नीट करत म्हणाली, “त्याला कुणी विचारलंच नाही गं, तुला काय हवंय म्हणून.” मी त्यानंतर या सिनेमावर बरंच वाचलंय, याच्याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही.

सिनेमात दोष आहेत, भक्तांनी रागावू नये. उत्तरार्धात राजकारण येतं तिथे पुलंचे संवाद पडद्यापेक्षा रंगमंचाला जास्त शोभतात. काही पात्रं भाषणासाठीच आत येतात. लांबीही आहे, आमचा धाकटा मामा अर्धा तास कापायला हवा होता असं म्हणतो, पण कुठला ते त्याला सांगता येत नाही, कारण गाण्यांना हात लावू द्यायला तोच तयार नसतो. बरोबरच आहे. महानोर आणि मोडक या जोडीने ‘मुक्ता’तही काम केलं, पण इथे लावणी आणि अंगाईसारखी हळवी गाणी एकाच सिनेमात इतकी शेजारी शेजारी बसलीत की कुठली काढावी हे कळत नाही.

तिसरा धागा ‘नटरंग’चा. १ जानेवारी २०१० ला आलेला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधवांचा पहिला सिनेमा. त्यातला गुणा केला अतुल कुलकर्णी यांनी, जे सोलापुरात वाढले आणि इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत घडले. पैलवानाचं शरीर कमावून मग ते नाच्यासाठी उतरवायचं, हे त्यांनी खरोखर करून दाखवलं. ‘नटरंग’ लोकांनी डोक्यावर घेतला. फडावरच्या माणसाचं दुःख बघायला तिकीट काढणारे प्रेक्षक तोवर तयार झाले होते. त्यात ‘विदूषक’चा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण हा बदल बघायला लक्ष्या नव्हता. १६ डिसेंबर २००४ ला तो गेला, जेमतेम पन्नाशीत. (‘घाशीराम’चा पहिला प्रयोगही १६ डिसेंबरचाच, १९७२ चा. याला काही अर्थ नाही, पण डोक्यातून जात नाही.)

‘विदूषक’ला राष्ट्रीय पुरस्कार दोन मिळाले. एक सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा, तो सगळ्यांना आठवतो. दुसरा नृत्यदिग्दर्शनाचा, आणि तो मिळाला लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना. देशभरातल्या त्या वर्षीच्या सगळ्या सिनेमांतल्या सगळ्या नाचांतून निवड झाली ती लावणीत आयुष्य गेलेल्या बाईची. पुढच्या वेळी सिनेमा लावलात तर नामावली पळवू नका, त्यांचं नाव येईपर्यंत थांबा.