मोराची चिंचोली: गोष्टीला पुरावा कसा मागायचा?

परदेशातल्या काही प्राणिसंग्रहालयांत संध्याकाळी तिकीट लावून बिअर चाखवतात आणि जमलेला पैसा प्राण्यांसाठी ठेवतात. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काय? मी शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीचं नाव घेईन. इथं पिंजरा नाही, आणि बिअरऐवजी हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा. पाहुण्यांचा पैसा शेतकऱ्याच्या घरी जातो. ते महत्त्वाचं आहे, कारण मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, 1972च्या कायद्यानं संरक्षित, आणि दाणे टिपतो ते याच शेतकऱ्याच्या रानातले.

आता इतिहास. गावात ऐकायला मिळतं, पेशव्यांनी चिंचा लावल्या म्हणून मोर आले. गोष्ट गोड आहे, पण प्रस्तावात ती सरळ 'पेशवेकालीन परंपरा' म्हणून टाकू नका. (मी टाकली होती. मार्गदर्शकांनी लाल रेघ मारली.) नीट बघा, यात तीन दावे आहेत: झाडं कुणी लावली, मोर कधी आले, आणि दुसरं पहिल्यामुळंच घडलं का? पहिल्यासाठी पुण्यातलं पेशवे दफ्तर, म्हणजे आधी मोडी शिका. तिसरा दावा सगळ्यात नाजूक. चिंचेवरून नाव पडलेल्या चिंचोल्या महाराष्ट्रात ढिगानं आहेत. मग 'मोराची' हीच का?

आगटीपाशी म्हातारी माणसं बोलायला लागली की वहीत 'दंतकथा' लिहून मोकळे होऊ नका. ही गोष्ट कुणाकडून ऐकली, आणि पर्यटक यायच्या आधीही सांगत होते का, ते विचारा.