कचरा कोणाच्या दारात?

१९७९ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरातल्या एका वस्तीशेजारी नवा कचरा डेपो होऊ घातला होता. रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचं म्हणणं असं, की आमची वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची आहे म्हणूनच ही जागा निवडली गेली. पण याला पुरावा काय? तो गोळा करण्याचं काम त्यांच्या वकील लिंडा बुलार्ड यांनी आपले पती, समाजशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बुलार्ड यांच्यावर सोपवलं.

शहरातले कचरा डेपो कुठेकुठे आहेत याची तयार यादीच नव्हती. बुलार्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जुनी दप्तरं धुंडाळून ती तयार केली आणि जनगणनेच्या आकड्यांशी ताडून पाहिली. महापालिकेचे पाचही कचरा डेपो आणि कचरा जाळण्याच्या ८ भट्ट्यांपैकी ६ भट्ट्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये निघाल्या. शहराच्या लोकसंख्येत मात्र कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं.

यातली कुठलीच माहिती गुप्त नव्हती. कचऱ्याच्या नोंदी एका कार्यालयात होत्या, माणसांच्या दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं. रहिवासी दावा हरले, कारण भेदभाव जाणूनबुजून केला हे सिद्ध करता आलं नाही. पण मोजण्याची एक रीत सापडली.

चार जागा, तीन वस्त्या

१९७८ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात पीसीबी मिसळलेलं टाकाऊ तेल रस्त्यांच्या कडेने शेकडो किलोमीटरपर्यंत चोरून ओतलं गेलं. पीसीबी म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पूर्वी वापरली जाणारी विषारी संयुगं. ती वर्षानुवर्षं मातीत टिकून राहतात. दूषित माती खरवडून पुरण्यासाठी राज्य सरकारने वॉरेन काउंटी हा भाग निवडला. तिथली वस्ती गरीब आणि बहुसंख्येने कृष्णवर्णीय होती. १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले तेव्हा लोक रस्त्यावर आडवे पडले. ५०० हून अधिक जणांना अटक झाली. त्यांत वॉल्टर फॉन्ट्रॉय हे संसदेतले प्रतिनिधीही होते.

नंतर फॉन्ट्रॉय यांनी सरकारी कारभार तपासणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसला पाहणी करायला सांगितलं. १९८३ च्या अहवालानुसार दक्षिण-पूर्वेकडच्या ८ राज्यांत घातक कचरा पुरण्याच्या अशा ४ मोठ्या जागा होत्या. त्यांपैकी ३ ठिकाणी आसपासच्या वस्तीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. हा प्रश्न सरकारी अहवालात आकड्यांसह मांडला गेला, हे महत्त्वाचं होतं. पण ४ जागांवरून अख्ख्या देशाबद्दल काय सांगणार? देशव्यापी पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीही सरकारने केलेली नव्हती. 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' या चर्चच्या वांशिक न्याय आयोगाने ती केली होती.

रेघ कुठे मारायची?

या पाहणीत देशाचे भाग पाडले होते टपालाच्या झिप कोडनुसार, म्हणजे आपल्या पिनकोडसारखे. घातक कचऱ्याचं केंद्र कुठे आहे हे ओळखायला उत्पन्नापेक्षाही वस्तीचा वंश हा घटक अधिक उपयोगी ठरला. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जनगणनेचे लहान गट घेऊन हेच गणित पुन्हा मांडलं. त्यांना वंशानुसार म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्यांच्या अभ्यासाला कचरा-व्यवसायातल्या कंपनीचा पैसा होता. पण तेवढ्यावरून निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. गणितच तपासायला हवं.

फळ्यावर दोन चौकोन एकमेकांना चिकटून काढा. डाव्या चौकोनात, सामाईक रेघेला लागून एक ठिपका द्या. हे कचऱ्याचं केंद्र. रेघेपलीकडे, उजव्या चौकोनात १०० मीटरवर राहणारं घर 'केंद्र नसलेल्या' गटात मोजलं जाईल. डाव्या चौकोनाच्या दूरच्या टोकाचं, चार किलोमीटरवरचं घर मात्र 'केंद्राजवळचं' ठरेल. वाऱ्याला आणि भूजलाला ही रेघ दिसत नाही.

पॉल मोहाई आणि रॉबिन साहा यांनी नेमकी हीच अडचण दाखवली. बरीच केंद्रं अशा रेघांजवळच होती. म्हणून चौकोन सोडून त्यांनी प्रत्येक केंद्राभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ काढलं. २००७ च्या अहवालात आलेलं उत्तर असं होतं: केंद्रापासून ३ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत गौरेतर लोक ५६ टक्के, त्याबाहेर सुमारे ३० टक्के. प्रश्न तोच आणि देशही तोच. अंतर मोजण्याची रीत बदलली तसा लपलेला फरक समोर आला.

सरासरी माणूस किती मासे खातो?

नदीच्या पाण्यात विषारी द्रव्य किती चालेल हे ठरवताना लोक त्या पाण्यातले मासे किती खातात हे धरावं लागतं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अनेक वर्षं माणशी रोज ६.५ ग्रॅम हा आकडा धरत असे. म्हणजे महिन्याला जेमतेम एक जेवण. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या चार आदिवासी जमातींची पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या प्रौढांचं रोजचं प्रमाण सुमारे ५९ ग्रॅम, म्हणजे नऊपट निघालं.

हे वर्गात सहज दाखवता येतं. १०० जणांच्या गावात ९० जण मासे खातच नाहीत, १० जण रोज ६५ ग्रॅम खातात. सरासरी किती? ६.५ ग्रॅम. पण ६.५ ग्रॅम खाणारा माणूस गावात एकही नाही! या सरासरीवर बेतलेला नियम त्या १० जणांचं रक्षण करत नाही. ओरेगॉन राज्याने २०११ मध्ये आपल्या नियमासाठी रोज १७५ ग्रॅम हा आकडा स्वीकारला.

आदेश, नकाशा आणि पुसलेलं पान

कारखाने काय सोडतात याची माहिती लोकांना मिळू लागली, तिच्यामागे भोपाळ आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली. पुढच्याच वर्षी युनियन कार्बाइडच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर १९८६ च्या कायद्याने कारखान्यांना हवा, पाणी व जमिनीत सोडलेल्या विषारी रसायनांचा वार्षिक हिशेब देणं भाग पडलं. हा हिशेब कारखानाच देतो आणि त्यातले बरेच आकडे अंदाजाचे असतात. तरी १९८९ पासून तो कुणालाही पाहता येऊ लागला.

११ फेब्रुवारी १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १२८९८ काढला. पर्यावरणाच्या धोक्यांची माहिती शक्य तिथे वंश आणि उत्पन्नानुसार गोळा करावी, आरोग्याच्या अभ्यासांत गरीब, अल्पसंख्य आणि धोक्याच्या कामातले कामगार यांना घ्यावं, उपजीविकेसाठी मासे खाणाऱ्यांची नोंद ठेवावी, असं त्यात सरकारी खात्यांना सांगितलं होतं. २०१५ मध्ये 'ईजेस्क्रीन' हा नकाशा सर्वांसाठी खुला झाला. काही शे ते काही हजार लोकांच्या वस्तीपर्यंत जाऊन तिथलं प्रदूषण आणि तिथली माणसं एकत्र पाहता येऊ लागली. बुलार्ड यांच्या विद्यार्थ्यांनी दप्तरं उपसून केलेलं काम आता बोटाच्या टोकावर आलं.

जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला आणि फेब्रुवारीत नकाशा सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला. काही संशोधक आणि संस्थांनी माहितीच्या प्रती आधीच जपल्या होत्या. त्यावरून त्यांनी तो पुन्हा उभा केला. पण नवी मोजणी करणं, ती वर्षानुवर्षं चालू ठेवणं हे सरकारच्याच आवाक्यातलं काम. ते थांबलं तर जपलेली प्रत हळूहळू जुनी होत जाते.

विद्यार्थ्यांसमोर आकड्यांचा कुठलाही तक्ता आला, तर तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. यात कोण मोजलं गेलं आणि कोण राहिलं? हद्द कुठे आखली? आणि ही सरासरी कुणाकुणाची मिळून झाली? ह्यूस्टन, वॉरेन आणि कोलंबियाकाठच्या लोकांना हेच प्रश्न विचारावे लागले होते.