ठासणीची बंदूक आणि बुडालेले जग

जगबुडीनंतरच्या जगात घडणाऱ्या संगणकीय खेळांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कारखाने ओस पडले, राज्ये लयाला गेली, तरी माणूस नळाच्या तुकड्याला लाकडी दस्ता जोडून बंदूक करील आणि तिच्या बळावर जगेल. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’ मध्ये अशा नळीच्या बंदुका जागोजागी सापडतात. २०१० चा ‘मेट्रो २०३३’ मात्र थोडा शहाणा आहे. त्यात जुन्या जगातली अस्सल काडतुसे हेच चलन असते आणि ते उडवावे की खर्चावे, हा पेच खेळणाऱ्यापुढे सतत उभा राहतो. गावठी बंदुकीची खरी अडचण नळीची नसून नळीत काय भरायचे याची आहे, हे त्या खेळाने ओळखले आहे.

नळी करणे तुलनेने सोपे. तापवलेल्या लोखंडी पट्टीची सळईभोवती गुंडाळी करून ती घडवणारे कारागीर आपल्याकडे शतकानुशतके होते. दारूचे तसे नाही. सोरा, गंधक आणि कोळसा हे तिचे तीन घटक. कोळसा कोठेही पाडता येतो. सोरा जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या खारवट मातीतून धुऊन काढता येतो. पण सह्याद्रीच्या काळ्या फत्तरात गंधकाची खाण नाही, शिशाचीही नाही. म्हणजे साताऱ्याच्या डोंगरात उडणाऱ्या प्रत्येक बारामागे एखादे बंदर, एखादा व्यापारी आणि सुरक्षित वाट उभी असे. ठासणीच्या बंदुकीला पुढे टोपी आली, तेव्हा हे परावलंबन आणखी वाढले. टोपीतला स्फोटक पदार्थ पारा आणि नत्राम्लापासून होतो. तो गावच्या लोहाराच्या आवाक्याबाहेरचा.

त्यावर आपला पाऊस. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तोड्याच्या बंदुकीची जामगी अशा पावसात विझते आणि दारू ओल धरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, ठरावीक दिवसांनी दारूला ऊन द्यावे, अशा बारीक सूचना आहेत. वरवर पाहता त्या गडावरच्या टापटिपीच्या वाटतात. वस्तुतः बंदूक हे रोजच्या देखभालीवर, म्हणजेच व्यवस्थेवर जगणारे हत्यार आहे, ही त्यामागची जाण आहे. मोहिमा दसऱ्याला सुरू होत, यालाही पावसाळ्याचे कारण होतेच.

जुने राज्य खिळखिळे झाले आणि नवे अजून उभे राहिले नाही, अशी परिस्थिती याच मुलखाने विसाव्या शतकात एकदा अनुभवली. आजचा सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरले होते. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे गेले. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळीबार केला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतरच भूमिगतांपुढे शस्त्रांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तो कसा सोडवला?

घरगुती बंदुका घडवून तर नव्हेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवून तुफान सेनेने एकोणीस हजारांवर रुपये हस्तगत केले. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या त्या तुकडीजवळ काठ्या, कोयते आणि दोन-तीन गावठी बाँब होते. गाडीवर बंदूकधारी पहारेकरी असूनही त्याला आवरण्यात आले. गाडी केव्हा येणार याची पक्की बातमी आणि रुळांवर रचलेले दगड यांनी काम केले. पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले, ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून. त्याची किंमतही मोजावी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. पुढे पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून चोरवाटांनी शस्त्रे आणली गेली. तीही कुठल्या तरी कारखान्यातच तयार झालेली होती.

त्याच काळात या भागात दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्या होत्या. हत्यारे त्यांच्याजवळही होती. तरी गाव त्यांच्यामागे उभे राहिले नाही आणि प्रतिसरकारने त्यांचा बीमोड करताच लोकांचा त्याच्यावरचा विश्वास वाढला. भूमिगताला भाकरी देणारी घरे, निरोप पोहोचवणाऱ्या स्त्रिया, तंटे मिटवणारी न्यायमंडळे हे त्याचे खरे बळ होते. त्याच्या शिक्षा कठोर होत्या आणि ‘पत्री सरकार’ हे नाव त्या धाकातूनच पडले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो धाकही बंदुकीचा नव्हता.

म्हणून जगबुडीच्या खेळातील एकांड्या नायकाच्या हाती दिलेली ठासणीची बंदूक मला पटत नाही. ती उडेल, कोरड्या दिवशी, शंभर पावलांच्या आत, मिनिटाला एखादा-दुसरा बार निघेल. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिची दारू सर्दावलेली असेल, टोप्या संपल्या असतील आणि तिचा उपयोग काठीइतकाच उरेल. ती चालू ठेवायची तर सोरा काढणारा, गंधक आणणारा आणि दारूला ऊन देणारा असे तिघे तरी हवेत, आणि त्या तिघांचा एकमेकांवर भरवसा हवा. साताऱ्याने १९४३ ते १९४६ या काळात आधी तो भरवसा उभा केला. बंदुका त्यानंतर आल्या, आणि त्याही फार थोड्या.