कापसाच्या पैशाचा हिशेब

1877 चा हिवाळा. तुम्ही नागपुरात जुम्मा तलावाजवळ उभे आहात, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी. दलदल बुजवून जमशेटजी टाटांनी बांधलेली एम्प्रेस मिल 1 जानेवारीला सुरू झाली आहे. हा माणूस सोनं चिखलात पुरतोय म्हणून ज्या सावकाराने पैसे नाकारले, तो आता गप्प आहे. कापसाने भरलेल्या बंड्या रांगेत, बैलांच्या तोंडाला फेस. रेल्वे दहा वर्षांपूर्वीच आली, तीही याच कापसाच्या ओढीने. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा माल अडला, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना वऱ्हाड-नागपूर आठवलं.

एका बंडीवर चढा, कापसात अंग टाका, डोळे मिटा.

उघडाल तेव्हा समोर पाटी असेल: कर्नल स्टोनहिल, लिलावदार आणि कापसाचे अडते. गाव फोर्ट स्मिथ, आर्कान्सा नदीच्या काठी. तुम्ही चार्ल्स पोर्टिसच्या 1968 च्या ‘ट्रू ग्रिट’ कादंबरीत शिरला आहात, पण अडत्याची गादी बघून परकं वाटत नाही. फ्रँक रॉस नावाच्या शेतकऱ्याने शेवटचा कापूस विकला, तट्टं घ्यायला इथे आला आणि सोबत आणलेल्या गड्यानेच, टॉम चेनीने, त्याला गोळी घालून लुटलं. हंगामाचा पैसा खिशात असलेल्या माणसावर कोणाची नजर असते, हे विदर्भात कोणाला शिकवावं लागत नाही.

आता त्याची चौदा वर्षांची पोर आत येते. मॅटी. बापाचं प्रेत दुसऱ्या गड्यासोबत गावी रवाना केलंय, स्वतः मागे थांबलीय. चेनीला फासावर चढवायचंय. त्याआधी येणं वसूल करायचंय. ती स्टोनहिलला सांगते: बापाने तुमच्याकडून घेतलेली तट्टं परत घ्या, आणि तुमच्या तबेल्यातून बापाचा घोडा चोरीला गेला त्याची भरपाई द्या. स्टोनहिल हसतो. मग समजावतो. मग ओरडतो. ती दर वेळी आपल्या वकिलाचं नाव घेते आणि आकड्यावर परत येते. तुम्ही खोगिरांच्या आड उभे, घोड्याच्या लिदीचा वास नाकात. शेवटी तो 325 डॉलर कबूल करतो, तेव्हा तुमच्या तोंडून निघतंच: काय पोट्टी हाय बाप्पा!

कोर्टात चला. न्यायासनावर आयझॅक पार्कर. हा इतिहासातला खरा माणूस, 1875 पासून इथे, फाशीवाला न्यायाधीश म्हणून ख्यात. साक्षीला एकडोळ्या मार्शल रूस्टर कॉगबर्न, चेनीच्या मागावर धाडायला मॅटीने हेरलेला. (पुस्तकात त्या डोळ्यावर पट्टी नाही, ती 1969 च्या सिनेमाने बांधली, जॉन वेनला ऑस्कर मिळालं, आणि गोष्ट पोरीची होती हे बरेच लोक विसरले.) वकील विचारतो, चार वर्षांत किती माणसं मारली? आकडा तेवीसवर जातो आणि वकील वर्षाची सरासरी काढतो. मार्शलला पगार नाही, कामागणिक फी. फीचे कागद त्याला जमत नाहीत. ते भरून देते मॅटीच, चिनी दुकानदाराच्या दुकानामागच्या खोलीत, मार्शल पीत असताना.

इथे हसू येतं ते असं. मॅटी एकही विनोद करत नाही. म्हातारपणी, अविवाहित, एक हात गमावलेली, बँक सांभाळणारी बाई होऊन ती हे सांगतेय. रक्त आणि रोकड एकाच सुरात. पोर्टिस तरुणपणी वृत्तपत्रात गावोगावच्या बायका पाठवत त्या बातम्या दुरुस्त करायचा. कोणाकडे पाहुणे, कोणाची गाय मेली, असल्याच त्या असणार. तो निरागस ठामपणा त्याने तिथेच ऐकला असावा, असं मला वाटतं.

निघण्याआधी पुन्हा स्टोनहिलकडे डोकवा. हिवतापाने तो कुडकुडतोय. मॅटी विचारते, ती तट्टं विकायची आहेत का? साबणवाला नगाला दहा डॉलर देतो म्हणतोय, तो कण्हतो. मग मी जास्त का देऊ? ती म्हणते. घासाघीस सुरू होते आणि थोड्याच वेळात त्यातलं काळं तट्टू तिचं होतं. टॉम चेनी अजून बराच लांब आहे, पण त्याच्यामागे धावणारं जनावर स्वस्तात पडलं.