'पिग्मॅलियन'चा शेवट : शब्द आणि अर्थ

नाटक रंगभूमीवरून नभोवाणीवर, चित्रपटात वा दूरचित्रवाणीवर गेले की संहितेतील किती शब्द राखले आणि किती गाळले, यावरून रूपांतराचा प्रामाणिकपणा मोजला जातो. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा इतिहास या मापाचे अपुरेपण दाखवितो.

फुले विकणाऱ्या एलायझाला ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स उच्चभ्रूंची इंग्रजी शिकवितो आणि अखेरीस ती त्याच्या आज्ञा झुगारून निघून जाते, हे या नाटकाचे कथानक. ग्रीक पुराणकथेतील शिल्पकाराला त्याचीच मूर्ती पत्नी म्हणून लाभते. शॉने ती कथा उलटविली. घडविलेली मूर्ती सजीव झाली की ती शिल्पकाराची मालमत्ता राहत नाही, हा त्याचा आशय. नाटकाचा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत झाला. १९१४ मध्ये ते लंडनच्या रंगभूमीवर आले. तेथेच पहिला संघर्ष उद्भवला. हिगिन्सची भूमिका करणारा बीअरबोम ट्री पडदा पडण्यापूर्वी एलायझाकडे फुले फेकू लागला आणि त्या एका कृतीने विरोधाचे प्रणयात रूपांतर झाले. शॉने १९१६ मध्ये नाटकाला गद्य उपसंहार जोडून एलायझा फ्रेडीशी विवाह करते, असे बजावून सांगितले. मात्र नाटकाला 'रोमान्स' हे उपशीर्षक त्यानेच दिले होते. तेव्हा प्रेक्षकांची अपेक्षा अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही.

नव्या माध्यमांविषयी शॉला तिटकारा नव्हता. १९२४ मध्ये त्याने 'ओफ्लाहर्टी व्ही. सी.' ही आपली एकांकिका बी. बी. सी.च्या नभोवाणीवरून स्वतः वाचली. तेथे शब्द आणि श्रोता यांच्यामध्ये दुसरे कोणीच नव्हते. हाच न्याय त्याने बोलपटालाही लावला. 'हाऊ ही लाइड टू हर हज्बंड' या एकांकिकेचा चित्रपट सेसिल लुइसने १९३१ मध्ये केला, तो एकही शब्द न गाळण्याच्या अटीवर. अट पाळली गेली आणि चित्रपट निर्जीव झाला. हीच एकांकिका १९३७ मध्ये दूरचित्रवाणीवरही आली. परंतु तेव्हाचे प्रक्षेपण स्टुडिओतून थेट होत असल्याने ते माध्यम रंगभूमीच्याच अधिक निकट होते.

गेब्रिएल पास्कल या निर्मात्याला शॉने 'पिग्मॅलियन'ची अनुमती दिली, तीमागे हा अनुभव होता. १९३५ च्या जर्मन व १९३७ च्या डच चित्रपटांनी घेतलेले स्वातंत्र्य त्याला रुचले नव्हते. म्हणून या वेळी पटकथेत त्याने स्वतः लक्ष घातले, नवे प्रसंग लिहिले आणि फ्रेडी व एलायझा यांचे फुलांचे दुकान दाखविणारा शेवट योजिला. अँथनी अ‍ॅस्क्विथ व लेस्ली हॉवर्ड यांनी दिग्दर्शिलेला चित्रपट १९३८ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथेसाठी शॉला इतर तिघांसह अकादमी पारितोषिक मिळाले. परंतु पडद्यावरील शेवट त्याचा नव्हता.

त्या शेवटात एलायझा परत येते. आपण हाततोंड धुऊन आल्याचे ती सांगते. हिगिन्स पाठ फिरवून आपल्या सपाता कोठे आहेत, असे विचारतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ही दोन्ही वाक्ये मुळात शॉचीच आहेत. पहिले दुसऱ्या अंकातील, दुसरे किंचित बदललेले चौथ्या अंकातील. दुसऱ्या अंकात पहिले वाक्य दरिद्री मुलीचा स्वाभिमान प्रकट करते. चौथ्यात दुसरे हिगिन्सची बेपर्वाई उघडी पाडते आणि थोड्याच वेळात त्याच सपाता एलायझा त्याच्या अंगावर भिरकाविते. अखेरीस आणून बसविताच पहिले वाक्य शरणागतीचे होते, दुसरे लाडिक जिव्हाळ्याचे. शब्दांवर पहारा ठेवणाऱ्या नाटककाराचा पराभव त्याच्याच शब्दांनी झाला.

ट्रीची फुले प्रयोगाबरोबर संपत. चित्रफितीवरील शेवट मात्र कायम झाला. शॉने १९४१ च्या आवृत्तीत चित्रपटासाठी लिहिलेले काही प्रसंग नाटकात समाविष्ट केले, पण एलायझाचे परतणे घेतले नाही. उलट ती फ्रेडीशी लग्न करणार, या कल्पनेने हिगिन्स खदखदून हसतो, असा शेवट केला. शॉ १९५० मध्ये निवर्तला. १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेने आणि तिच्यावरील १९६४ च्या चित्रपटाने चित्रपटाचाच शेवट स्वीकारला. संहिता एका दिशेने गेली, लोकस्मृती दुसऱ्या.

भारतीय भाषांतील रूपांतरे या इतिहासाची दुसरी बाजू दाखवितात. बेगम कुदसिया झैदींचे 'आझर का ख्वाब', मधु राय यांचे गुजराती 'संतु रंगीली', पु. ल. देशपांडे यांचे १९७५ मधील 'ती फुलराणी' या कृतींत शॉचे शब्द टिकणे शक्यच नव्हते. लंडनच्या गल्लीतील स्वरांना मराठीत प्रतिशब्द नाही. प्रमाण आणि अप्रमाण बोली यांतील आपल्या समाजाची उतरंडच तेथे वापरावी लागते. तरीही भक्ती बर्वे यांनी गाजविलेल्या मंजुळेच्या बंडखोर स्वगतात शिकविलेल्या वाणीवर स्वामित्व कोणाचे, शिक्षकाचे की शिष्येचे, हा मूळ प्रश्न जागा आहे.

एका रूपांतराने शॉचीच वाक्ये घेऊन नायिकेला परत आणले. दुसऱ्याने जवळजवळ सर्व शब्द बदलूनही तिचे बंड जिवंत ठेवले. वाक्य नाटककाराचे आहे की नाही, हे पाहून म्हणूनच भागत नाही. ते कोठे, कोणापुढे आणि कोणत्या कृतीनंतर उच्चारले जाते, हेही पाहावे लागते.